तण कोणास म्हणावे?

‘तण खाई धन’ ही म्हण आपल्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून बनविली आहे आणि तिच्या सत्यतेविषयी शंका घेण्याचे कोणासही कारण नाही. तथापि म्हणींचा स्वभावच असा आहे की, त्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर जितक्या ठसक्याने देतात, तितक्याच सफाईने त्या प्रश्नातील खरी अडचण झाकून टाकतात. तण धन खाते हे खरे. पण तण म्हणजे काय? ते कोणी ठरवावयाचे? आणि ज्याला आपण तण ठरविले त्याला उपटून टाकण्याचा अधिकार आपणांस कोठून प्राप्त होतो? हे प्रश्न वरवर पाहता रिकामटेकड्या पंडिताचे वाटतील. परंतु दिवाळीनंतर परसात दोन-चार वाफे करून त्यांत मेथी, पालक, कांदा, कोबी, वाटाणा लावणाऱ्या कोणत्याही गृहस्थास ते हिवाळाभर रोज सकाळी सोडवावे लागतात; तो ते खुरप्याने सोडवितो, शब्दांनी नव्हे, इतकेच. ते शब्दांनी सोडवून पाहण्यात काही लाभ आहे काय, हे पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम व्याख्येचा विचार करू. वनस्पतिशास्त्राने वनस्पतींची जी कुळे पाडली आहेत, त्यांत ‘तण’ नावाचे कूळ कोठेही नाही. पानांची रचना, फुलांच्या पाकळ्या, बियांची घडण यांवरून शास्त्रज्ञ झाडाची जात ओळखतो. परंतु एखादे झाड तण आहे की नाही, हे त्या झाडाकडे कितीही वेळ पाहिले तरी कळावयाचे नाही. ते कळण्यासाठी झाडाकडे नव्हे, तर वाफ्याच्या धन्याकडे पाहावे लागते. भाद्रपदात ज्या एकवीस दूर्वांची जुडी आपण भक्तिभावाने गणपतीच्या मस्तकी वाहतो, तीच दूर्वा कार्तिकात कांद्याच्या वाफ्यात शिरली म्हणजे तिचे नाव ‘हरळी’ होते, आणि तिच्या मुळ्या खणून काढताना शेतकऱ्याच्या तोंडी जे शब्द येतात ते खचितच स्तोत्रातले नसतात. पुरापुढे नमून टिकणाऱ्या लव्हाळ्यात तुकोबांना नम्रतेचा आदर्श दिसला; पण भाजीच्या मळ्यात लव्हाळ्याइतके चिवट आणि उद्दाम दुसरे काही नाही. आणि याच लव्हाळ्याच्या गाठी आयुर्वेदात ‘मुस्ता’ म्हणून औषधी गणल्या आहेत. चाकवताची गोष्ट तर याहूनही बोलकी आहे. मंडईत जुडी बांधून विकला जातो तो चाकवत आणि गव्हाच्या शेतातील तणांच्या यादीत ज्याला ‘चंदनबटवा’ म्हणतात तो, हे दोन्ही शास्त्रदृष्ट्या एकाच जातीचे आहेत. घोळ, पाथरी, तांदुळजा यांचीही हीच कथा. एका वाफ्यात भाजी, शेजारच्या वाफ्यात तण!

यावरून असे दिसते की, ‘तण’ हे एखाद्या वस्तूचे नाव नसून एका संबंधाचे नाव आहे. ‘पाहुणा’, ‘शेजारी’, ‘परका’ हे शब्द जसे माणसाचा गुण सांगत नाहीत, तर आपल्याशी असलेले त्याचे नाते सांगतात, तसाच ‘तण’ हा शब्द आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ एमर्सन याने तण म्हणजे गुण अद्यापि न सापडलेली वनस्पती, अशा अर्थाचे एक सुंदर वचन लिहून ठेवले आहे. पण ते सुंदर असले तरी पुरते खरे नव्हे. दूर्वेचे गुण आपणांस उत्तम ठाऊक आहेत आणि तरीही वाफ्यात ती तणच आहे. अज्ञान दूर झाले म्हणजे तण नाहीसे होईल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही.

येथपर्यंत विचार आला म्हणजे एक मोह होतो. तण ही जर केवळ आपल्या दृष्टीची करणी असेल, तर दृष्टी बदलावी आणि खुरपे खाली ठेवावे, हे बरे नव्हे काय? सर्वच वनस्पती सृष्टीची लेकरे; त्यांत आपपर भाव का धरावा? हा युक्तिवाद ऐकावयास उदात्त वाटतो, आणि दिवाणखान्यात बसून तो करणाऱ्यास त्याची काही किंमतही द्यावी लागत नाही. ती किंमत देतो तो वाफ्यातला कांदा. कांद्याचे रोप लावल्यावर कित्येक आठवडे सावकाश वाढते. त्याची पाती बारीक, उभी आणि पोकळ असतात. कोबीच्या पसरट पानांप्रमाणे ती जमिनीवर सावली धरू शकत नाहीत आणि त्याची मुळेही उथळ असतात. म्हणून लावणीनंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत ज्या वाफ्याची खुरपणी झाली नाही, तेथे कांद्याच्या नावाने बहुधा तणाचेच पीक हाती येते. आणि कांदा असा दुबळा का? तो दुबळा होईल अशा रीतीने आपल्या पूर्वजांनीच त्याला हजारो वर्षे जोपासला म्हणून. मोठी, रसाळ, गोड गाठ मिळावी यासाठी त्यांनी त्याचे रानटीपण एकेक करून काढून घेतले. त्याच्या रक्षणाचा भार त्याच वेळी त्यांनी आपल्या शिरावर घेतला.

माझ्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. पेरणे हे एक वचन आहे. जे आपल्या बळावर जगू शकत नाही, ते जमिनीत रोवणारा मनुष्य त्याला सांभाळण्याचे बंधन स्वीकारतो. आणि खुरपणी हा त्या बंधनाचा एक भाग आहे. आपण हरळी उपटतो ती हरळी अपराधी आहे म्हणून नव्हे; तिने कोणताही अपराध केलेला नाही. आपण तिला उपटतो ती कांद्याशी आपण बांधलेले आहोत म्हणून. या दोन कारणांत भेद काय, असे कोणी विचारील. बाहेरून पाहता काहीच नाही. दोन्ही प्रसंगी हरळी मरतेच. परंतु पहिल्या कारणाला मर्यादा नाही आणि दुसऱ्याला आहे. जो तणाला पापी समजतो, त्याला बांधापलीकडचे तणही सलते. जो केवळ आपल्या वचनापुरते पाहतो, त्याचे काम वाफ्याच्या कडेशी संपते, आणि कांदा सावरून उभा राहिल्यावर मागून उगवलेल्या चार काड्यांकडे तो दुर्लक्षही करू शकतो. महाभारतातील वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला असे समजावून सांगतो की, नांगर धरणाऱ्याच्या हातूनही असंख्य जीव मरतात, मग सर्वथा अहिंसक असा कोण आहे? हा प्रश्न हिंसेला मोकळे रान देण्यासाठी विचारलेला नाही. ज्या अर्थी हिंसा अटळ आहे, त्या अर्थी ती कमीत कमी आणि गर्वाशिवाय व्हावी, हा त्याचा रोख आहे.

मौज अशी की, हीच गोष्ट खुद्द शेतीचे शास्त्रही आपल्या भाषेत सांगते. तणाशी वैर धरून, त्याचा नि:पात करण्याच्या ईर्ष्येने जो जमीन खोल खणून काढतो, तो बहुधा स्वत:चेच काम वाढवून ठेवतो. १८७९ साली अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम जेम्स बील नावाच्या प्राध्यापकाने एकवीस जातींच्या बिया वीस बाटल्यांत भरून जमिनीत पुरल्या. ठराविक वर्षांनी त्यांतील एकेक बाटली काढून बियांत जीव उरला आहे की नाही, हे पाहण्याचा त्याचा संकल्प होता. बील केव्हाच निवर्तला, पण त्याच्या मागून आलेल्यांनी प्रयोग चालू ठेवला. आणि २०२१ साली काढलेल्या बाटलीतील काही बिया, १४२ वर्षे अंधारात राहूनही, रुजल्या! आपल्या पायाखालच्या जमिनीत अशी किती वर्षांची बीजे निजली असतील याचा विचार करावा. खोल कुदळ मारली की ती उजेडात येतात. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली माळेप्रमाणे गुंफलेल्या असतात. नांगराने ती माळ तुटली की सुटलेल्या गाठींतून नवे लव्हाळे उठते. हरळीचे तुकडे केले तर पेरापेराला मुळे फुटतात. येथे क्रोध निरुपयोगी आहे.

उपयोगी पडते ते निराळेच. अनुभवी माळी वाफे बांधून लगेच पेरीत नाही, आधी नुसते पाणी सोडतो, आठ-दहा दिवस थांबतो, वरच्या थरातल्या तणांना कोंब फुटू देतो, आणि वाफसा आला की वरची बोटभर माती हलवून तेवढे कोंब काढून टाकतो, मग पेरतो. पुढेही तो खुरपे उथळ चालवितो आणि तणाला फूल धरण्यापूर्वी गाठतो. कारण बी पडल्यावरचे श्रम हे उशिरा आलेले शहाणपण होय. कोबी-वांग्यांच्या ओळींमध्ये तो उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा अंथरतो. त्याखाली उजेड न पोचल्याने बरेचसे तण डोके वर काढीतच नाही, आणि हिवाळ्यातली ओलही टिकते. जपानमधील मासानोबु फुकुओका या शेतकऱ्याने तर १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात तणाचा उच्छेद न करता त्याला आवरून धरावे, असेच प्रतिपादन केले; आणि आपल्याकडेही काही शेतकरी जुनी म्हण उलटवून ‘तण देई धन’ असे म्हणू लागले आहेत. उपटलेले तण वाफ्यातच कुजू दिले तर त्याने घेतलेले ते परत देते, हा त्यातील व्यवहार आहे. या सर्व युक्तींचे सार काढावयाचे तर ते एवढेच निघते की, योग्य वेळ ओळखावी, नजर जवळ ठेवावी आणि हात हलका असावा.

‘नजर जवळ ठेवावी’ याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. आपल्याकडे खुरपणीचे काम बहुतेक बायका करतात. उन्हात दिवसभर उकिडवे बसून त्या ओळीमागून ओळ सरकत जातात, आणि त्याची मजुरी पुरुषांच्या मजुरीपेक्षा सामान्यत: कमीच असते. खुरप्याची स्तुती करणे हे खुर्चीत बसणाऱ्यास सोपे आहे, हे विसरून चालणार नाही. मजूर मिळेनासे झाले व श्रम असह्य झाले म्हणून जो शेतकरी तणनाशकाचा पंप पाठीवर घेतो, त्याला दोष देण्यास मी तयार नाही. परंतु या बाईच्या हाताकडे एकदा नीट पाहावे. तो हात प्रत्येक रोपापाशी क्षणभर थांबतो आणि निवाडा करतो. हरळी बांधावर जाते. कोवळी घोळ किंवा चाकवत मात्र तिच्या ओच्यात जाते आणि संध्याकाळी तिच्या चुलीवर शिजते. मळ्याच्या धन्याचे तण हे तिच्या घरचे कालवण असते. दूरवरून औषध फवारणाऱ्या यंत्राला हा निवाडा करता येत नाही; त्याला फक्त वर्ग कळतात, रोपे कळत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जे ‘टू-फोर-डी’ नावाचे द्रव्य सापडले, ते रुंद पानांच्या वनस्पती मारते आणि गवतवर्गीय पिके सोडते. युद्धानंतर शेतकऱ्याला ते वरदान वाटले यात नवल नाही. पुढे १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन सैन्याने व्हिएतनामात तणनाशके विमानांतून फवारून जंगले व उभी पिके जाळली. त्यांपैकी ‘एजंट ऑरेंज’ या मिश्रणाचा निम्मा भाग याच द्रव्याचा होता. उंची जसजशी वाढत जाते तसतसे खालचे सर्वच तण दिसू लागते.

आता या विषयातील सर्वांत धोक्याच्या वळणावर आपण आलो आहोत. मळ्याची उपमा माणसांच्या समाजाला लावण्याचा मोह फार जुना आहे. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द्वितीय’ नाटकात एक माळी आपल्या हाताखालच्या माणसांशी बोलताना म्हणतो की, आपण जशी ही बाग राखतो तसे राजाने राज्य राखले असते, तर त्याच्यावर हा प्रसंग आला नसता. रंगभूमीवर हे भाषण मोठे शहाणपणाचे वाटते. परंतु राज्यकर्ते जेव्हा ही उपमा खरी मानू लागतात, तेव्हा काय होते याचे उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. १८७१ साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींत जन्मास येणे हाच त्याअन्वये संशयास पुरेसा आधार ठरला. त्यांच्या नोंदी ठेवल्या जात, त्यांना हजेरी द्यावी लागे, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत त्यांना ठेवले जाई, आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याचा अधिकारही सरकारने आपल्याकडे घेतला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. पण कायद्याचे तण निघाले तरी मनातले निघाले नाही, याची साक्ष लक्ष्मण गायकवाड यांचे १९८७ साली प्रसिद्ध झालेले ‘उचल्या’ हे आत्मकथन देते. जन्माने गुन्हेगार! हा शब्दप्रयोग म्हणजे ‘तण’ या शब्दाचा माणसांवर केलेला प्रयोग होय. एका विशिष्ट संबंधातून निघालेले नाव वस्तूच्या रक्तात आहे असे मानले की, मग उपटणे हाच एक मार्ग शिल्लक राहतो.

या उपमेत दोष कोठे आहे? वाफ्यात काय वाढावे हे ठरविणारा एक जण असतो. तो वाफ्याच्या बाहेर उभा असतो, आणि त्याच्या हेतूवाचून वाफाच अस्तित्वात आला नसता. समाजाला असा बाहेर उभा असलेला धनी नाही. जो खुरपे हातात घेऊन ‘मी माळी’ म्हणून पुढे येतो, तोही त्याच वाफ्यात उगवलेले एक रोप असतो. गुन्हा करणाऱ्यास त्याच्या कृत्याबद्दल शासन करणे वेगळे. कारण कृत्य सिद्ध करता येते, नाकारता येते, सुधारताही येते. जातीवर, वंशावर, वर्गावर खुरपे चालविणे अगदी वेगळे.

शिवाय उपटण्याचा परिणाम काय होतो, हेही मळ्यानेच आपणांस दाखविले आहे. भाताच्या खाचरात उगवणारे सावा जातीचे एक गवत शतकानुशतके हाताने निवडून उपटले गेले. जे रोप भातापासून वेगळे दिसे ते गेले, जे भातासारखे दिसे ते चुकून राहिले आणि त्याचेच बी पुढे पडले. परिणाम असा की, आज ते गवत ओंबी येईपर्यंत भाताहून ओळखता येणे कठीण जाते. हे सोंग त्याला निंदणाऱ्या हातांनीच शिकविले. समाजात जेथे निवडून उपटणे चालते, तेथेही हेच घडते. भिन्न मताचे लोक नाहीसे होत नाहीत, ते सारखे दिसावयास शिकतात. याच क्रियेची दुसरी बाजू निकोलाय वाव्हिलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दाखविली. राय हे धान्य मुळात गव्हाच्या शेतातील तण होते. गव्हाबरोबर ते थंड आणि उंच प्रदेशांत गेले, आणि जेथे गहू तग धरीना तेथे तेच माणसांचे अन्न झाले. कालचे तण आज ताटात आले. हा सिद्धांत मांडणाऱ्या वाव्हिलोव्हला त्याच्याच सरकारने १९४० साली पकडले, आणि १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात तो हालअपेष्टांत मेला. देशाला भुकेपासून वाचविण्यासाठी जगभरची बियाणी गोळा करणारा हा मनुष्य त्या राज्याच्या बागेत तण ठरला होता.

मग तणाच्या उपमेचा माणसाला काहीच उपयोग नाही काय? आहे; पण एकाच ठिकाणी. धम्मपदात असे म्हटले आहे की, तणाने जशी शेते बिघडतात तसा लोभाने, द्वेषाने आणि मोहाने मनुष्य बिघडतो. येथे ही उपमा निर्दोष आहे. कारण येथे शेत, धनी आणि खुरपणारा हे तिन्ही एकच आहेत. माझ्या मनात काय वाढावे हे ठरविण्याचा अधिकार माझा, उपटण्याचे श्रम माझे आणि उपटताना होणारे दु:खही माझेच. आणि या शेतातही वर सांगितलेले सर्व नियम लागू पडतात. एका दिवसाच्या त्वेषाने केलेला निश्चय हा खोल मारलेल्या कुदळीसारखा असतो. त्याने जुनी निजलेली बीजे वर येतात. रोज थोडे, उथळ, फुलण्यापूर्वी आणि जवळून पाहून काढलेले तेवढेच निघते. तरीही निवाडा जपून करावा. ज्या हट्टाला आपण दोष म्हणून उपटावयास निघालो, तो प्रसंगी निष्ठा या नावाने ताटात येण्याजोगा असेल. आणि ज्या सौजन्याची आपण जोपासना करतो, ते भातासारखे दिसणारे गवतही असू शकेल.

इंग्रज कवी मिल्टन याने १६४४ साली ग्रंथस्वातंत्र्याचा पुरस्कार करताना बायबलातील गहू आणि तणाच्या दृष्टांताचा आधार घेतला, आणि माणसांमधील गहू व तण निवडणे हे मर्त्य मनुष्याचे काम नव्हे, असे बजावले. त्यात मळ्याच्या अनुभवाची एवढीच भर घालावीशी वाटते की, वाफ्यात ते काम आपले आहे आणि ते टाळताही येत नाही; कारण कांदा आपण लावला आहे. परंतु हरळी उपटताना तिला शिव्या देण्याचे कारण नाही. ती बांधावर टाकावी, आणि पुढल्या भाद्रपदात तिच्याकडेच दूर्वा मागावयास जावे लागेल, एवढे ध्यानात ठेवावे.